दुसऱ्याचा हात लागला तर मासा आपला नाही

बाबा,

मी समुद्राचं पाणी प्यायले. चांगली ओंजळ भरून, गटकन. तुम्ही तळ्यात जाळं टाकायच्या आधी वाकून ओंजळ भरायचा, डोळ्यांना लावायचा आणि पिऊन टाकायचा. "आंधी याचं पाणी पिऊ, मंग याले मासा मागू," असं दर वेळी म्हणायचा. ते माझ्या अंगात असं मुरलेलं, की परवा बोट किनाऱ्यापासून लांब गेली, इंजिनाचा आवाज मंदावला आणि मी काही विचार न करता काठावरून वाकले, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि घशाखाली घातली. अय माय! डोळ्यांत आग, नाकात आग, घशात मीठच मीठ. मी खोकतेय, ओकारी काढतेय, आणि तुमची नात पोट धरून हसतेय. बोटीवरचा तो मालवणी गाईड कपाळाला हात लावून म्हणाला, "अगो बाय माझे! काकी, समुद्राचा पाणी पितंत काय कोण?" मी त्याला सांगितलं, आम्ही भोई लोक पितो. आमच्याकडे पाणी गोड असतं, त्यात माझा काय दोष?

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी आता एकोणसाठ वर्षांची आहे, हे ऐकून तुम्ही हसाल. नर्सची नोकरी संपून दोन वर्षं झाली. तीस वर्षं आपल्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या पोरांना सुया टोचल्या, त्यामुळे बाजारात मला बघून रडणारी माणसं आता लग्नाची झाली आहेत. तुमची नात पुण्याला नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "आई, तुले मालवणले नेतो. समुद्रात मासा धराले." मी म्हटलं, मासा धराले तेवढ्या दूर कायले जा लागते वं? आपलं तळं काय आटलं? तेव्हा तिनं मोबाइलवर दाखवलं. शिकलेसवरलेले लोक बोटीत बसून खोल पाण्यात जातात, मासे कुठं आहेत ते ठाऊक असलेला एक माणूस सोबत घेतात, माणसाएवढा मासा गळाला लावून तासभर त्याच्याशी झुंजतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. "सोडते?" मी ओरडलेच. "जित्ता सोडते? मंग धरते काहून?" ती म्हणाली, "मजा येते म्हणून." भोयाच्या घरात मजा येते म्हणून मासा धरल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. तरी मी लगेच हो म्हटलं. काहून म्हटलं, ते तिलाही माहीत होतं आणि तुम्हालाही माहीत आहे.

तो आपल्या तळ्यातला कटला मासा. त्याची गोष्ट मी तिला शंभरदा सांगितली असेल. आपल्याकडे पोरीनं मासे धरायला जाणाऱ्या डोंग्यात पाय ठेवायचा नाही, पोरीनं आईसोबत पाटी घेऊन बाजारात बसायचं. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण तो डोंग्यात आणि मी काठावर. एकदा त्याला हिवताप आला म्हणून तुम्ही मला तळ्यावर नेलं. डोंगा नाहीच, पण काठावर बसून हातातल्या दोरीचा गळ टाकायचा होता. ज्वारीचं पीठ आणि सरकीची ढेप मळून मीच गोळे केले होते. मी बारा वर्षांची. दोरी दोन बोटांत धरायची, बोटाला गुंडाळायची नाही, मासा ओढेल तेव्हा सोडायची, थांबेल तेव्हा घ्यायची, हे सगळं तुम्हीच सांगितलं आणि पलीकडे जाऊन बिडी पेटवली. आणि दोरी गेली की हो! सर्रकन गेली. मी सोडली, घेतली, सोडली, घेतली. ओरडले नाही, घाबरले नाही. मासा वर आला तेव्हा त्याची पाठ दिसली आणि माझ्या छातीत ढोल वाजायला लागले. तेवढ्यात तुम्ही धावत आलात. "सोड! दे इकडं! तुह्याच्यानं नाई होत!" म्हणत दोरी हिसकावून घेतलीत. बोटाची साल निघाली माझ्या. मासा तुम्ही काढलात. तेरा किलोचा कटला. अख्ख्या मालेगावात तुमचं नाव झालं.

त्या दिवशी चुलीपुढचं मी विसरले नाही. आईनं रस्सा केला होता, घरभर तिखटाचा ठसका. आपल्याकडे डोकं ज्यानं मासा धरला त्याच्या ताटात. आईनं ते तुम्हाला वाढलं. तुम्ही ते उचललंत आणि माझ्या ताटात ठेवलंत. मला वाटलं, पोरगी फुगून बसली म्हणून समजूत काढून राह्यले. मी ते उचलून भावाच्या ताटात टाकलं. तुम्ही खाली मान घालून जेवलात. मी पण भाकरी कोरडीच खाल्ली, कारण मला राग आला होता आणि रस्सा चांगला झाला होता. त्यानंतर तुम्ही मला कधी तळ्यावर बोलावलं नाही आणि मी कधी येते म्हटलं नाही. पुढे मी नर्सिंगला गेले. तुम्हीच अकोल्याला सोडायला आलात, एसटीत खिडकीची जागा धरून दिलीत. पण ती गोष्ट आपण कधी बोललो नाही.

तर मालवण. गाईड तिशीतला, काळा कुळकुळीत, सतत हसणारा. बोट सकाळी निघाली. पाणी निळं असतं हे मी चित्रात पाहिलं होतं, पण एवढं असतं, पलीकडचा काठच नसतो, हे बघून मला तुमचीच आठवण झाली. तुम्ही विचारलं असतं, याले बांध कुठं घातला? गाईडनं सगळं समजावलं. बोटीच्या मागे दोन जाडजूड रॉड खोबणीत उभे करायचे. दोरीच्या टोकाला लाकडाचा रंगवलेला खोटा मासा. बोट हळू चालत राहते, खोटा मासा मागे पळत राहतो, मोठा मासा येऊन त्याला गिळतो. ढेप नाही, पीठ नाही, नुसती फसवाफसवी. मासा लागला की ज्याची पाळी त्यानं रॉड खोबणीतून स्वतः काढायचा, कमरेच्या पट्ट्यात त्याचा बुंधा रोवायचा आणि झुंजायचं. मग त्यानं हाताचं एक बोट वर करून सांगितलं, "एक नियम आसा, काकी. मासो बोटीवर येईपर्यंत रॉडाक दुसऱ्याचो हात लागलो, तर तो मासो तुमचो नाय."

बाबा, मी त्याला तीनदा विचारलं. दुसऱ्याचा म्हणजे कोणाचाही? हो. घरच्या माणसाचाही? हो. बापाचाही? तो हसला, "बापाचो पण." जगात असा कायदा आहे, आणि मोठमोठ्या देशांतली माणसं तो पाळतात, हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं. म्हणजे समुद्राच्या कायद्यानं तो कटला तुमचा नव्हता. माझाही नव्हता म्हणा, दोन हात लागले होते ना. कोणाचाच नाही तो कटला. फुकटचं नाव झालं तुमचं! मला इतकं हसू आलं की पोरगी म्हणाली, "आई, उन्हाचं चक्कर येऊन राह्यलं काय तुले?" मी म्हटलं, नाही. आज मी मासा धरणार, एकटी धरणार, आणि कोणाचा बोटभर हात लागू देणार नाही. तिनं मान हलवली. तेवढ्यासाठीच तर आणलं होतं तिनं मला.

पहिली पाळी तिची होती. तिच्या रॉडला मासा लागला, आणि तो सुटला. असो. होतं असं.

मग दोन अडीच तास काही नाही. आम्ही डब्यातल्या पोळ्या आणि ठेचा खाल्ला, गाईडलाही दिला, तो घासाघासाला पाणी प्यायला आणि आमची समुद्राच्या पाण्याची उधारी तिथंच फिटली. मी झोपेला आले होते. आणि माझा रॉड वाकला. वाकला म्हणजे बाबा, असा वाकला की मला वाटलं बोटच उलटी होते. रिळातून दोरी बाहेर पळायला लागली, तिचा चर्रर्र आवाज. "काकी, तुमचो! तुमचो!" गाईड ओरडतोय. मी उठले, चप्पल कुठं गेली कोण जाणे, रॉड खोबणीतून उपसला, पट्ट्यात रोवला. आणि पलीकडे कोण आहे ते मला कळलं. बैलजोडी असते तसं काहीतरी, खाली, हिरव्या पाण्यात, मालवणहून थेट परदेशात निघालेलं.

"ओढता तेवा ओढूक द्या," गाईड सांगतोय. "थांबलो की रॉड वर घ्या, खाली येताना रीळ फिरवा." मी म्हटलं, बापू, हे मला सांगू नको. हे मला माझ्या बापानं सांगितलंय, तुझा जन्म नव्हता तेव्हा. सोडायचं, घ्यायचं. सोडायचं, घ्यायचं. तुमची तीच दोन बोटं, फक्त आता दोन्ही दंड, पाठ, गुडघे, सगळं कामाला. पंधरा मिनिटांत माझे हात शिसाचे झाले. वीस मिनिटांत पाठ धरली. मासा जवळ आला असं वाटायचं, की तो पुन्हा निघालाच, घेतलेली सगळी दोरी घेऊन. मी त्याला वऱ्हाडीतल्या आहेत नाहीत तेवढ्या शिव्या दिल्या, ज्या मी दवाखान्यात तीस वर्षं दाबून ठेवल्या होत्या. माझे पाय घसरायला लागले तशी पोरीनं मागून माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि बसकण मारली. गाईडला दया आली. "काकी, दमलात. माका द्या जरा वेळ," म्हणून त्यानं हात पुढे केला.

मी काही बोलायच्या आत माझ्या मागून पोरगी कडाडली. "हात नाई लावाचा! तिचा मासा हाय तो. सुटला तं सुटू दे, पण तिच्याच हातून सुटू दे."

गाईडनं हात असा मागे घेतला की जणू तव्याला लागला. मला तेव्हा रडू आलं की घाम डोळ्यांत गेला, ते सांगता येत नाही. पण मासा दमत आला होता, मी दमायची राहिले होते. पाण्यात आधी एक चांदीचं ताट चमकलं, मग ते ताट आडवं झालं, मग त्यावर डोळा दिसला. हा मोठा डोळा. गाईडनं हातमोजे घालून शेपटी धरली आणि वर घेतला. "जीटी! जीटी आसा, काकी! वीस किलो तरी!" त्याचं पूर्ण नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, तिथं सगळे जीटीच म्हणतात. मोठं कपाळ, रागीट तोंड, आपल्या गावच्या जुन्या पाटलासारखं. मी बोटीच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात वर केले आणि अशी किंचाळले की दूरच्या बोटीवरच्या माणसांनी वळून पाहिलं. मी नाचले, बाबा. खरंच नाचले. गुडघ्यांचं दुखणं मालवणच्या समुद्रात विसरले. पोरीनं फोटो काढले, त्यात माझं सगळं तोंड उघडं आहे, मागचा पडका दात दिसतो, आणि मला तो फोटो फार आवडतो.

मग गाईड म्हणाला, "आता सोडूक व्हयो." मी त्या माशाकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला, डोकं वेगळं, शेपटीचे तुकडे वेगळे, पाच घरं जेवतील. आपल्या कुळात हातात आलेला मासा कोणी सोडला असेल तर मीच. पण मी वाकले, त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि त्याला पाण्यात ढकललं. तो क्षणभर थांबला, मग शेपटीचा एक तडाखा देऊन माझ्या तोंडावर पुन्हा तेच खारं पाणी उडवून गेला. मी खो खो हसत राहिले. मजा येते म्हणून, असं पोरगी म्हणाली होती. येते, बाबा. लय येते.

घरी आल्यापासून दर तासाला कोणीतरी मोबाइल मागतं. भाऊ आता मालेगावात मासळीचं दुकान चालवतो, केस पांढरे झाले त्याचे. त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "वीस किलोचा सोडला? तुह्यं डोकं फिरलं काय वं बाई?" मग सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. काल संध्याकाळी, आज सकाळी चहाला पुन्हा, शेजारच्या बाया बसल्या असताना. मी हातवारे करून सांगते, सगळे हसतात. "पहिला मासा हिच्या रॉडले लागला, पण पोट्टीच्या हातून सुटला. आजकालच्या पोरींच्या हातात जोर कुठं राह्यला?" असं मी म्हणते आणि लोक पोरीकडे बघून हसतात. आज सकाळी भावानं तिलाच विचारलं, "काहून वं, कसा सुटला?" ती चहाचा कप धरून म्हणाली, "सुटला मामा, माझ्याच्यानं नाही झालं." आणि कप विसळायला आत गेली.

तेव्हापासून मी हा कागद घेऊन बसले आहे. गावाला खोटं सांगितलं ते सांगितलं, वर तुम्हालाही "असो" म्हणून टाळलं. मासा तिच्या हातून सुटला नाही. तिनं रॉड बरोबर काढला होता, बरोबर रोवला होता, सोडत होती, घेत होती. मी बाजूला उभी. आणि पाण्यावर पाठ दिसली. एवढंच झालं, बाबा, नुसती पाठ दिसली. पुढचं मला आठवतं ते असं, की रॉड माझ्या हातात आहे आणि मी ओरडतेय, "दे इकडं! तुह्याच्यानं नाई होत!" शब्द पण तेच. त्या हिसकाहिसकीत दोरी ढिली पडली आणि मासा गेला. गाईड समुद्राकडे बघत राहिला. पोरीची बोटं लाल झाली होती. तिनं ती जॅकेटच्या खिशात घातली आणि मला म्हणाली, "पुढची पाळी तुझी आहे, आई." बस्स. आणि दोन तासांनी तीच माझ्या पट्ट्याला धरून बसली.

मला कधी वाटलं होतं का, की तिच्यानं होत नाही? शपथेवर सांगते, नाही. तिच्यानं होत होतं, चांगलं होत होतं. मला राहवलं नाही, एवढंच खरं. मोठा मासा दिसला आणि माझे हात माझे राहिले नाहीत. म्हणजे तुम्हालाही राहवलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं मी समजत होते, की माझ्या बापाला वाटलं पोरगी कमी पडते. तुम्हाला तसं काही वाटलंच नव्हतं हो! तुम्ही माझ्यासारखेच येडे होता. आणि रात्रीच्या जेवणात ते डोकं समजुतीचं नव्हतं, तो मासा माझा आहे हे तुम्ही चारचौघांत, आईसमोर, भावासमोर कबूल केलं होतं. तोंडानं बोलता येत नव्हतं तुम्हाला, म्हणून ताटात ठेवलंत. मी ते दुसऱ्याच्या ताटात टाकलं. सकाळपासून मी हसतेय पण आणि डोळे पण पुसतेय. एवढं मोठं ओझं खाली ठेवल्यावर माणूस हसणारच.

तुम्हाला माफ केलं, वगैरे काही लिहीत नाही. माफ करायसारखं काही उरलं नाही आणि हा कागद पोचवणारा पोस्टमनही नाही. तुम्हाला पत्र लिहायला सोपं आहे, म्हणून मी सकाळपासून तेच करत बसले. खरं काम बाहेरच्या खोलीत आहे. पोरगी लॅपटॉपवर ऑफिसचं बोलतेय. उद्या पुण्याला जाते. भावाला मी निरोप पाठवला आहे, दुपारी जेवायलाच ये, शेजारच्या बायांनाही बोलावलं आहे. त्यांच्यासमोर मी तिला कमी जोराची म्हटलं, तर त्यांच्यासमोरच सांगायला पाहिजे, की तिचा मासा मी हिसकावला आणि मीच घालवला. तुमच्यासारखं ताटात ठेवून चालणार नाही, तिला कदाचित कळणार नाही, मलाही कळलं नव्हतं. तोंडानं बोलावं लागेल.

फाटक वाजलं. भाऊ आला वाटतं. बाबा, वीस किलोच्या माशापुढे मी घाबरले नव्हते, आत्ता भेव वाटून राह्यलं. उठते, पोरीला हाक मारते.